लगूनच्या बाजूने सेंट जॉर्जेस

ग्रेनाडा या कॅरिबियन बेटदेशाची राजधानी सेंट जॉर्जेस एका टेकडीच्या दोन्ही अंगांना उतरलेली आहे. पश्चिमेला खुला समुद्र, क्रूझ जहाजांचा लांबलचक धक्का, मॉल, मासळीबाजार आणि बसस्थानक. पूर्वेला घोड्याच्या नालेच्या आकारात आत वळलेलं जुनं बंदर, म्हणजे कॅरेनेज, आणि त्याच्या शेजारी लगून नावाचं बंदिस्त, शांत पाणी. टेकडीच्या टोकावर किल्ला आणि तिच्या पोटातून आरपार गेलेला बोगदा. मोठ्या जहाजाने येणारे लोक पश्चिमेला उतरतात, जायफळाच्या माळा घेतात, टॅक्सीत बसून धबधबा बघायला जातात आणि संध्याकाळी परत जहाजावर. शिडाच्या बोटीने आलेल्याला मात्र लगूनच्या बाजूनेच शिरावं लागतं, कारण कस्टम्स आणि इमिग्रेशनचं ऑफिस तिथल्या मरीनात, म्हणजे अशा बोटींच्या भाड्याच्या बंदरात, आहे. मग शहर वेगळ्याच क्रमाने भेटतं. आधी ऑफिस, मग पाण्याचा नळ, गॅसची टाकी, कपडे धुवायची सोय, सुट्टे पैसे; किल्ला-बिल्ला सावकाश. मला विचाराल तर गावाची ओळख याच क्रमाने व्हावी.

आम्ही दोघंच होतो, मी आणि नवरा. बोट अकरा मीटरची, मार्टिनिकला सेकंडहँड घेतलेली. इंजिन, पंप, वायरी हे त्याचं खातं. नकाशे, हवामान आणि कागदपत्रं माझं. त्यामुळे कागदोपत्री कप्तान मी. उत्तरेकडच्या बेक्विया बेटावरून संध्याकाळी निघालो. सेंट जॉर्जेस तिथून साठ-पासष्ट सागरी मैल, म्हणजे आमच्या बोटीला पूर्ण रात्रीची वाट. डिसेंबरनंतर इथे पूर्वेचा वारा न चुकता वाहतो. दक्षिणेकडे जाताना तो डाव्या बाजूने येतो आणि शिडं एकदा बसवली की रात्रभर त्यांना हात लावावा लागत नाही.

वाटेत सांभाळायची जागा एकच. ग्रेनाडाच्या उत्तरेला साधारण आठ किलोमीटरवर समुद्राखाली किक-एम-जेनी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९३९ साली. एरवीसुद्धा त्याच्यापासून दीड किलोमीटर लांब राहायचं, आणि इशाऱ्याची पातळी वाढली की पाच किलोमीटर. खालून वायूचे बुडबुडे वर आले की पाणी हलकं होतं आणि बोटीला तोलून धरायची त्याची ताकद कमी होते. त्रिनिदादमधलं विद्यापीठाचं भूकंपकेंद्र रोजची पातळी जाहीर करतं. ती निघण्याआधी बघून घेतली होती, तरी मी पश्चिमेकडून भरपूर अंतर ठेवूनच वळसा घातला. नवरा म्हणाला, एवढ्या वळशात दोन चहा झाले असते. होऊ देत.

पहाटे ग्रेनाडाच्या आडोशाला आलो आणि वारा पडला. डोंगर उंच, त्यामुळे या किनाऱ्याला वारा एक तर नसतो, नाही तर दरीतून एकदम अंगावर येतो. शेवटी शिडं गुंडाळली आणि इंजिन लावलं. बंदराच्या तोंडाशी मी बोयांकडे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांकडे, डोळे लावून उभी होते, त्याला कारण आहे. मी शिडाची होडी चालवायला शिकले ती मुंबई बंदरात. तिथे समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायच्या. दोन्ही अमेरिका खंडांत आणि कॅरिबियनमध्ये नेमकं उलट: आत येताना लाल उजवीकडे. जगात बोयांच्या अशा दोन पद्धती आहेत आणि भारत पहिलीत मोडतो. डोक्याला कळतं, हाताला वळायला वेळ लागतो. भरती-ओहोटीचं मात्र इथे काही दडपण नाही. मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे हात-दीड हात. रत्नागिरीच्या माणसाला तर हा समुद्र आळशीच वाटावा.

मरीनाचं भाडं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून बाहेर दक्षिणेच्या बाजूला नांगर टाकला. तळाला कुठे वाळू, कुठे प्रवाळाचा चुरा. नांगर आधी घसरत राहिला, म्हणून पुढे सरकून पाण्यातला फिकट पट्टा शोधला आणि तिथे टाकला. सहा मीटर पाण्यात तीस मीटर साखळी सोडली, इंजिन मागे खेचून बघितलं, आणि तरी नवरा मास्क लावून खाली जाऊन नांगर वाळूत रुतलाय का ते बघून आला. डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवला. आम्ही बाहेरून आलोय, अजून तपासणी व्हायचीय, असा त्याचा अर्थ. तो वर असेपर्यंत किनाऱ्यावर फक्त कप्तानाने जायचं. बाकीच्यांनी बोटीवर बसून राहायचं.

म्हणून डिंगीत, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीत, बसून मी एकटी निघाले. पिशवीत पासपोर्ट, बोटीची नोंदणी, आधीच्या बंदराचा निघाल्याचा दाखला आणि दोन पेनं. माहिती इंटरनेटवर आधीच भरून ठेवता येते, मी ती भरली होती; पण सही, शिक्का आणि पैसे यांना पर्याय नाही. ऑफिसात शिरताना पहिलं वाक्य ‘गुड मॉर्निंग’. हे मी बेक्वियातच शिकले होते. या बेटांवर ऑफिस असो, दुकान असो, मिनीबस असो, आत पाऊल टाकताना सगळ्यांना ऐकू जाईल असं अभिवादन करायचं आणि उत्तराची वाट बघायची. थेट कामाला हात घालणारा माणूस इथे उद्धट ठरतो आणि उद्धट माणसाच्या फॉर्ममध्ये चुका फार सापडतात. माझ्यापुढे एक गृहस्थ होते. आत येता येताच त्यांनी ‘कस्टम्स कुठे?’ असं विचारलं. बाईंनी मान वर करून, हसून, त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि त्यांच्याकडून तेवढंच परत येईपर्यंत थांबल्या.

प्रश्न ठरलेले. बोटीवर किती माणसं, कोणी आजारी आहे का, वाटेत कोणी दगावलं का, बंदूक आहे का, प्राणी आहे का, पुढे कुठे जाणार. बोटीच्या लांबीप्रमाणे परवान्याचे पैसे. ते पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये. हे चलन बऱ्याच बेटांचं मिळून एकच आहे आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा त्याचा भाव बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब डोक्यात करता येतो. इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या बाई जन्मस्थानाच्या रकान्याशी थांबल्या. रत्नागिरी कुठे आलं? मी सांगितलं, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर. त्या म्हणाल्या, माझ्या आजीकडचे लोक भारतातले, पण कुठले ते घरात कोणालाच माहीत नाही.

आमच्यासारखंच त्यांचं घराणंही सरकारी कागदांतून गेलेलं असणार. ग्रेनाडात गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर मिळेनासे झाले आणि करारावर भारतातून माणसं आणायला सुरुवात झाली. मेडस्टोन नावाचं पहिलं जहाज १ मे १८५७ ला इथे लागलं. पुढच्या तीसेक वर्षांत तीन हजारांहून अधिक लोक आले, बहुतेक उत्तर भारतातले, कलकत्त्यामार्गे. महाराष्ट्राचा त्यात म्हणण्यासारखा संबंध नाही आणि मी ओढूनताणून तो जोडला नाही. त्यांनी शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला आणि गावात रोटी कुठली चांगली ते सांगितलं.

बोटीवर परत येऊन पिवळा झेंडा उतरवला, ग्रेनाडाचा चढवला. हा झेंडा उलटा लावणं सोपं आहे. लाल पट्ट्यावर वर तीन तारे, खाली तीन, मध्ये एक. वरखाली सारखंच दिसतं. खूण आहे ती डाव्या हिरव्या त्रिकोणातल्या जायफळाची. ते काठीच्या बाजूला आलं पाहिजे. एका मसाल्याचं फळ राष्ट्रध्वजावर घेणारा देश म्हणून मला ग्रेनाडाबद्दल आधीपासूनच आपुलकी होती.

पुढचा वेळ घरकामात गेला. गोडं पाणी कॅनमधून वाहिलं, कपडे धुवायला टाकले, गॅसची टाकी भरायला दिली. गॅसची टाकी हा बोटवाल्यांचा जगभरचा छळ आहे, फ्रेंच बेटांवर एक तोटी, इंग्रज बेटांवर दुसरी. लगूनच्या काठी सुपरमार्केटचा स्वतःचा छोटा धक्का आहे. डिंगी बांधायची, कांदे-बटाटे भरायचे, परत वल्हवायचं. असं धक्क्याला लागणारं वाण्याचं दुकान मला आमच्या रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरातही दिसलं नव्हतं.

गावात जायचं म्हणून नवऱ्याने टोपी घातली ती लष्करी ठिपक्यांची. ती बोटीवरच ठेवायला लावली. ग्रेनाडात असे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. पोहायच्या कपड्यांत बाजारात फिरणंही लोकांना आवडत नाही, आणि का आवडावं?

कॅरेनेजला आम्ही डिंगीनेच गेलो. पाण्याच्या कडेने रस्ता, रस्त्याला लागून जुनी गोदामं, त्यांच्यावर चढत गेलेली घरं. पूर्वी जहाजं इथेच कलती करून त्यांचे तळ खरवडत. आता मालवाहू लाकडी बोटी लागतात. आम्ही गेलो तेव्हा कॅरिआकू बेटावर जाणाऱ्या एका बोटीत सिमेंटची पोती, शीतपेयांचे क्रेट आणि एक फ्रिज चढत होता. घरांची कौलं लाल, माशाच्या खवल्यांच्या आकाराची. युरोपातून येणाऱ्या जहाजांमध्ये वजन म्हणून कौलं आणि विटा भरत आणि परत जाताना साखर, रम, मसाले नेत. १७७१ आणि १७७५ मध्ये गाव दोनदा जळलं, त्यानंतर लाकडाऐवजी वीट-दगडाचीच घरं बांधायची असं ठरलं. आज जो देखणेपणा लोक कॅमेऱ्यात पकडतात त्याच्या मुळाशी आगीची भीती आणि जहाजाचा तोल आहे.

काठावर हात पसरलेल्या ख्रिस्ताचा पुतळा आहे. २२ ऑक्टोबर १९६१ ला बियांका सी या इटालियन प्रवासी जहाजाच्या इंजिनघरात स्फोट होऊन आग लागली. जहाज बंदराबाहेर नांगरलेलं, वर सातशेच्या घरात माणसं. गावातल्या लोकांनी मिळेल ती होडी, मिळेल ती लाँच काढली आणि जवळजवळ सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं, घरी नेऊन कपडे दिले, जेवू घातलं. जळतं जहाज ओढून बाजूला नेताना बुडालं. पाणबुडे आजही ते बघायला जातात. जहाज कंपनीने आभार म्हणून हा पुतळा दिला. मला पुतळ्यापेक्षा त्याच्यासमोरच्या बारक्या होड्याच जास्त बोलक्या वाटल्या. अशाच होड्यांनी ते काम केलं असणार.

मग बोगदा. सेंडॉल टनेल, १८९४ सालचा, लांबी शंभर मीटरच्या थोडी वर. गाड्या एकाच दिशेने जातात आणि माणसं भिंतीला चिकटून त्यांच्याबरोबर चालतात. पदपथ म्हणावा असं काही नाही. मागून मिनीबस आली की सगळे पोट आत घेतात आणि गेली की गप्पा पुढे सुरू. पलीकडे बाहेर पडलं की एकदम दुसरं गाव: उघडा समुद्र, गोंगाट, आणि त्या दिवशी धक्क्याला लागलेलं एक क्रूझ जहाज, टेकडीवरच्या चर्चपेक्षा उंच.

मार्केट स्क्वेअरमध्ये आम्ही किती वेळ काढला याचा हिशेब नाही. शनिवारचा बाजार. जायफळ, जायपत्री, दालचिनी, लवंग, तमालपत्र, आलं, हळद, कोकोचे वळलेले गोळे. कोकोचा गोळा किसून दालचिनी-जायफळ घालून उकळला की सकाळचा कोको टी. एका आजींच्या टोपलीत ओली जायफळं होती, वरची साल फाटून आतली लालभडक जायपत्री दिसत होती. आमच्या परसात जायफळाचं झाड आहे, आई वरच्या सालीचं लोणचं घालते, असं मी म्हटल्यावर आजी खुश झाल्या. इथे तिचा जॅम करतात. मग दर, मग हवामान, मग इव्हान.

इव्हान म्हणजे ७ सप्टेंबर २००४ चं चक्रीवादळ. ग्रेनाडा बारा अंश अक्षांशावर, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. म्हणून बोटवाले पावसाळ्यात इथे आसऱ्याला येत. त्या दिवशी देशातली नव्वद टक्के घरं मोडली किंवा छपराविना उरली आणि जायफळाच्या बागा झोपल्या. जायफळाचं झाड सहा-सात वर्षांनी धरायला लागतं, पूर्ण भरात यायला वीसेक वर्षं. आणि लावताना नर की मादी ते कळत नाही. इव्हान येईपर्यंत ग्रेनाडा जायफळात इंडोनेशियाच्या खालोखाल होता. आजी म्हणाल्या, छप्पर वर्षात बसलं, झाडांची वाट बघण्यात मुलगा शेती सोडून टॅक्सी चालवायला लागला. कोकणात फयान किंवा निसर्ग वादळानंतर आंब्या-सुपारीच्या बागायतदारांकडून मी हेच ऐकलं आहे, म्हणून मला त्यावर काही वेगळं बोलायला सुचलं नाही.

रोटी खाल्ली, इमिग्रेशनच्या बाईंनी सांगितलेल्या ठिकाणी. डाळ भरलेली मोठी मऊ पोळी, तिच्यात कोंबडीचा हळदीचा रस्सा आणि बटाटा बांधून दिलेला. चांगली होती. नवऱ्याने हाडांबद्दल तक्रार केली. इथे हाडांसकट गुंडाळतात.

पोट जड झाल्यावर चढ. पायऱ्या-पायऱ्यांनी चर्चच्या रस्त्याला लागलो. इव्हानने या रांगेतल्या चर्चची छपरं उडवली होती. स्कॉटिश लोकांनी १८३१ साली बांधलेल्या चर्चचा मनोरा तेवढा उभा राहिला. तिथून पुढे फोर्ट जॉर्ज. फ्रेंचांनी १७०५ मध्ये बांधायला घेतला, मग ब्रिटिशांकडे गेला. तोफा अजून बंदराच्या तोंडावर रोखलेल्या आहेत. इथून आमची बोट दिसत होती, आणि कशी डुलतेय तेही दिसत होतं.

किल्ला लोक चढतात ते दृश्यासाठी, पण आतल्या चौकात गेल्यावर आवाज खाली येतात. मॉरिस बिशप यांच्या पक्षाने १३ मार्च १९७९ ला क्रांती करून सत्ता घेतली. साडेचार वर्षांनी पक्षातच फूट पडली. १९ ऑक्टोबर १९८३ ला याच चौकात भिंतीपुढे उभं करून बिशप आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. भिंतीवर नावांची पाटी आहे. मृतदेह कुटुंबांना कधीच मिळाले नाहीत. सहा दिवसांनी अमेरिकी सैन्य उतरलं. जी कारणं दिली गेली त्यांत इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले अमेरिकी विद्यार्थी हे एक होतं. त्या काळात किल्ल्याला बिशप यांच्या वडिलांचं, रुपर्ट यांचं नाव होतं. तेही गोळीनेच गेले होते, जानेवारी १९७४ मध्ये, खाली कॅरेनेजवरच्या ऑटवे हाऊसमध्ये. सकाळी आम्ही त्याच काठाने फ्रिज चढताना बघत चाललो होतो. आज विमानतळाला मॉरिस बिशप यांचं नाव आहे. बसमध्ये मी शेजारच्या एका गृहस्थांना त्या दिवसांबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, ‘तेव्हा मी शाळेत होतो,’ आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी पुढे विचारलं नाही.

त्या मिनीबसबद्दल सांगायला हवं. नंबरावर मार्ग, एक नंबर ग्रँड आन्सच्या किनाऱ्याकडे जाते. चढताना गुड आफ्टरनून, मांडीला मांडी, संगीत इतकं मोठं की ड्रायव्हरला हाक ऐकू जाणं अशक्य. उतरायचं असेल तर गाडीच्या पत्र्यावर बोटांनी ठोकायचं. ते मात्र त्याला कसं कोण जाणे, नेहमी ऐकू जातं.

नांगराच्या जागी लाटांचा डोल वाढत चालला होता. दक्षिण किनाऱ्यावरच्या खाडीत हलायचं ठरलं, पण त्याआधी मला ऑइल डाउन करून बघायचं होतं. ग्रेनाडाचं हे राष्ट्रीय पक्वान्न. जिन्नस ऐकल्यावर कुठलाही कोकणी माणूस ताठ बसेल: नीरफणस, अळूची पानं, नारळाचं दूध, हळद, मिरची आणि खारवलेलं मांस किंवा मासळी. भांड्यात थर लावायचे, वरून अळू झाकायचं आणि अजिबात न ढवळता दूध आटून तळाशी तेल सुटेपर्यंत शिजवायचं. बाजारातल्या त्याच आजींनी नीरफणस निवडून दिला, थरांचा क्रम बोटांवर मोजून पाठ करून घेतला. मी खाऱ्या डुकराच्या शेपटीऐवजी खारवलेला मासा घेतला. त्यांना ते पटलं नाही, पण खपवून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अळूचं काय करता? मी फदफदं सांगितलं. चिंच, गूळ, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे. ‘शेंगदाणे? अळूत?’ त्यांनी शेजारच्या गाळ्यावरच्या बाईंना हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: मांस कधी घालायचं? घालतच नाही, म्हटल्यावर दोघी क्षणभर गप्प झाल्या. आजींनी कीव येऊन आणखी एक नीरफणस पिशवीत टाकला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.